जिवंत प्रात्यक्षिक

हिवरगव्हाणचे आनंदराज नरवाडे सर शिक्षक म्हणून कमी आणि सूत्रसंचालक म्हणून जास्त ओळखले जात. साखरपुडा, जयंती, सेवानिवृत्ती, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, पुढं त्याच टाकीच्या दुरुस्तीचं उद्घाटन, कंधार तालुक्यात कुठंही माईक उभा राहिला की सरांना फोन जाई. आवाज भारदस्त. कुणाच्याही नावाआधी तीन-चार विशेषणं न अडखळता लावायची हातोटी. एकदा एका शोकसभेत सवयीनं त्यांच्या तोंडून 'टाळ्यांच्या गजरात' असं निघून गेलं होतं; पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून ती चूक ठरली नाही.

गावाला लागूनच तलाव. बसवराज अप्पांनी दोन वर्षांखाली तिथं नौकाविहार सुरू केला. अप्पा मूळचे खडी-वाळूतले. पण तलाव दर पावसाळ्यात फुकट भरतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली होती. निळ्या रंगाची एक फायबरची नाव आली, तिच्यावर मोटर बसली, नि काठावर भेळेची गाडी लागली. सुट्टीच्या दिवशी नायगावपासून लोक येऊ लागले. मग वरून कुणीतरी विचारलं की सुरक्षेचं काय. अप्पांनी लगेच 'नौकाविहार सुरक्षा सप्ताह' जाहीर केला आणि नांदेडला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथं सरांना पाठवलं.

"मी येऊन काय करू अप्पा? मला पोहता बी येत नाही," सर म्हणाले होते.

"पोहायला कोण सांगून राहिलंय? तुमचं पाठांतर चांगलं हाय. ऐकून या आन् माईकवर सांगा."

सरांनी खरंच मन लावून ऐकलं. नावेत माणसं किती बसतील ते नावेवर लिहिलेलं असतं, त्यावर एकही नको. जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, आणि त्याची बक्कलं लावलेली. नावेत उभं राहायचं नाही. एका अंगाला झुकायचं नाही. नाव उलटलीच तर काठाकडं हातपाय मारत सुटण्यापेक्षा नावेलाच धरून राहायचं. बुडणाऱ्याकडं उडी मारण्याआधी दोर फेकायचा. आणि शेवटचं, जे प्रशिक्षकानं दोनदा सांगितलं होतं: पाण्यातून काढलेला माणूस हसत असला, चालत असला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचं, नाकातोंडातून छातीत गेलेलं पाणी नंतर त्रास देतं. घरी आल्यावर सरांनी हे सगळं बायकोला, लुंबिनीला, हातवारे करून ऐकवलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. दिवाळीच्या आधीचं कडक ऊन. काठावर मांडव, मांडवात स्टेज, स्टेजवर फलक. बुडणाऱ्याकडं फेकायची लाल-पांढरी रबरी रिंग झेंडूच्या माळा गुंडाळून फलकाच्या मधोमध टांगलेली होती. ती फारच शोभून दिसत होती. फेकायचा दोर मांडवाच्या मागच्या खांबाला कामी आला होता.

प्रात्यक्षिकासाठी सावली महिला बचत गटाच्या बाया नावेत बसवल्या. नाव दहा जणांची, बाया बारा. सरांनी अप्पांना हळूच विचारलं. अप्पा म्हणाले, "बायकाच हायत सर, हलक्या असतात. आन् नाव कुठं चाललीय? काठाला बांधलीय." ते खरं होतं. नावेचं तोंड दोरीनं खुंटीला बांधलेलं होतं, मागचं अंग मोकळं. पाणी काठाजवळ छातीइतकं. दोन पावलं पुढं तलावात बुडालेल्या जुन्या रस्त्याची कड होती, तिथून एकदम खोल. ही कड गावात सगळ्यांना माहीत होती, म्हणून कुणी तिचा उल्लेख केला नाही.

नावेच्या मोकळ्या टोकाला कस्तुराबाई बसली होती. साठीची, गटाची जुनी सभासद, बोलायला तिखट. केशरी जॅकेट चढवून ती बायांना म्हणाली, "बघा गं, सून घेऊन देईना, सरकारनं दिलं एकदाचं स्वेटर." तिची सून शिवकन्या काठावर उभी राहून मोबाईलमध्ये शूटिंग करत होती, तीही हसली.

सरांनी माईक हातात घेतला. नियम पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. "नावेत कोणत्याही परिस्थितीत उभं राहायचं नाही. कोणत्याही! बसून राहणं हीच खरी सुरक्षा." बायांनी माना डोलावल्या. शेवटच्या मुद्द्यापाशी येतात तोवर पाहुण्यांच्या गाड्या दिसल्या, आणि सरांनी शेवटचा मुद्दा गिळला.

पाहुणे दोन येणार होते. आले तीन गाड्या भरून. मुख्य साहेब कोणत्या खात्याचे, हे कार्यक्रम संपेपर्यंत सरांना कळलं नाही, पण चारही विशेषणं लागू पडली. साहेबांबरोबर साहेबांचे मित्र, मित्रांचे मेहुणे, असे सगळे स्टेजवर चढले. अप्पा घाम पुसत सरांच्या कानाशी आले.

"सर, शाली कमी पडून राहिल्यात."

"मग?"

"जॅकेट घाला एकेकाला. विषयाला धरून होईल."

कल्पना वाईट नव्हती. निदान माईकवर वाईट वाटली नाही. "माता-भगिनींना नम्र विनंती, आपल्या अंगावरील जीवरक्षक जॅकेट सन्मानासाठी थोडा वेळ द्यावीत!" बायांनी पटापट काढून दिली; उन्हात त्याही वैतागल्या होत्या. कस्तुराबाईचं बक्कल निघेना. ती म्हणाली, "राहू द्या की सर, माझं नीट बसलंय." पण एक मेहुणे उरले होते. सर स्वतः चार पायऱ्या उतरून नावेत गेले, वाकून तिचं बक्कल दाबलं. नांदेडला शिकवलं होतं, दोन्ही बाजूंनी एकदम दाबायचं. "दहा मिनिटांचा प्रश्न हाय, मावशी." तिनं पदर सारखा केला.

स्टेजवर केशरी रांग लागली. जॅकेट घातलेल्या साहेबांना दीपप्रज्वलनासाठी वाकता येईना, तेव्हा समई खुर्चीवर ठेवली. मग साहेबांना नाव जवळून बघायची इच्छा झाली. ते पायऱ्या उतरू लागले आणि सरांचं तोंड उघडलं. तोंडाला सवय होती; त्यानं सरांना विचारलं नाही.

"मान्यवर आता नावेकडं प्रस्थान करीत आहेत! आपण सर्वांनी जागेवर उभं राहून, टाळ्यांच्या गजरात त्यांचं स्वागत करावं!"

मांडव उभा राहिला. नावही उभी राहिली. बाराच्या बारा बाया उठल्या, पदर सावरले, हात जोडले आणि साहेब ज्या अंगाला होते त्या अंगाला अदबीनं वाकल्या. नाव त्यांच्याबरोबर वाकली. मग पुरती वळली. आवाजही फार झाला नाही. ताटातलं वरण सांडावं तशा बाया पाण्यात गेल्या आणि वर निळी पाठ तेवढी राहिली.

नाव चालवणारा ग्यानोबा साहेबांच्या ड्रायव्हरला चहा द्यायला गेला होता. तो ग्लास टाकून पळत आला. चार-सहा गडी पाण्यात शिरले. कुणी रिंगेकडं धावलं, ती माळांसकट फलकाला अशी घट्ट बांधलेली की फलकच फाटला. बायांना दंडाला, केसाला, हाताला लागेल तिथं धरून काठावर ओढलं. मोजल्या तर एक कमी. "आत्या! आमच्या आत्या कुठं हायत?" शिवकन्या ओरडली. ग्यानोबानं नावेखाली सूर मारला. कस्तुराबाईचा पदर मोटरीत अडकला होता. तिला वर काढलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती काही बघत नव्हती. मग तिला ठसका लागला, पाणी ओकली, पुन्हा ठसका. आणि पहिलं काय केलं असेल तर चिखलातला पदर ओढून डोक्यावर घेतला.

"काय न्हाई झालं, काय न्हाई झालं," ती म्हणाली. "एवढी माणसं... इकडं बघू नका ना."

मांडवात एकदम शांतता. साहेब पायरीवर थिजलेले. अप्पांचा चेहरा पिठासारखा. आणि सगळे, अगदी सगळे, सरांकडं बघू लागले, कारण माईक त्यांच्या हातात होता. शांतता म्हणजे सूत्रसंचालकाचं अपयश, असं सर नव्या मुलांना नेहमी सांगत. त्यांनी घसा साफ केला.

"उपस्थितहो! नाव उलटल्यास काय प्रसंग ओढवतो आणि बचावकार्य कसं केलं जातं, याचं जिवंत प्रात्यक्षिक आत्ताच आपण पाहिलं. या धाडसी भगिनींसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. आधी विस्कळीत, मग जोरदार. साहेबांचा श्वास मोकळा झाला. ते स्टेजवर परतले आणि म्हणाले की बरीच प्रात्यक्षिकं पाहिली, पण इतकं वास्तव कुठं पाहिलं नाही. बायकांचा अभिनय वाखाणण्यासारखा आहे. ओल्या बायांना पुढच्या रांगेत बसवलं, एकेक गुलाब दिला. आभारप्रदर्शन संपेपर्यंत त्या तशाच निथळत बसल्या. कस्तुराबाई अधूनमधून खोकत होती आणि प्रत्येक खोकल्यानंतर मागं वळून माफी मागितल्यासारखी हसत होती.

दुपारी सर जेवायला बसले. अप्पांचा फोन आला. "सर, वाचवलंत! साहेब लई खूष. पेपरवाल्याला फोटो दिलाय." सरांनी बरं म्हणून फोन ठेवला. 

लुंबिनी समोर बसली होती. "गावात बाया म्हणून राहिल्यात, खरंच उलटली म्हणं नाव."

"प्रात्यक्षिक होतं."

"मला बी प्रात्यक्षिकच सांगणार का?"

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"कस्तुरामावशीच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं का?"

"थोडं."

"मग दवाखान्यात नेलं का? तुम्हीच सांगत होता ना नांदेडहून आल्यावर, हसत असला तरी न्यायचं म्हणून."

"बऱ्या होत्या त्या. चालत घरी गेल्या."

लुंबिनीनं ताट उचललं. ती भांडली असती तर सरांना बरं वाटलं असतं; भांडणात त्यांना उत्तरं सुचत. ते पलंगावर आडवे झाले. डोळा लागला की ती वाकलेली नाव दिसे, आणि नवल म्हणजे मागून टाळ्या ऐकू येत. त्यांनी स्वतःची समजूत घातली. सगळ्या बाया वाचल्या. मी जे बोललो त्यानं गोंधळ टळला. गोंधळ झाला असता तर चेंगराचेंगरी झाली असती. चेंगराचेंगरीपर्यंत समजूत नीट गेली, तिथं अडली, कारण मांडवात जेमतेम दीडशे माणसं होती आणि चारही बाजू मोकळ्या होत्या.

ऊन उतरल्यावर ते उठले. कस्तुराबाईच्या घराकडं जायला काही कारण हवं, म्हणून दोन मोसंब्या घेतल्या. वाटेत पाराजवळ गटाच्या दोघी-तिघी भेटल्या. "सर, त्या म्हातारीमुळं झालं सगळं," एक जण म्हणाली. "तीच पहिली उठली. तिचं बघून आम्ही उठलो." सरांनी मान हलवली. हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, हे त्यांनी मानेवरच सोडलं.

कस्तुराबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. आडवी होता येत नव्हतं म्हणून मागं गोधड्यांचा ढीग लावलेला. श्वास घेताना खांदे वर जात होते. ओठ जांभळट. शेजारी पितळी तांब्यात काढा.

"आत्याला सर्दी झालीय," शिवकन्या म्हणाली. "गावातल्या डॉक्टरला आणलं होतं. प्रात्यक्षिकात भिजल्या म्हणून सांगितलं, तर त्यानं खोकल्याचं औषध दिलं. दोन चमचे दिलंय."

"प्रात्यक्षिकात भिजल्या म्हणून सांगितलं?"

"मग काय सांगू सर? तुम्हीच तर माईकवर म्हणलाव."

सर खाली बसले. कस्तुराबाईनं डोळे उघडले. "सर, चहा घ्या," एवढं म्हणायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. मग खोकल्याची उबळ आली. शिवकन्यानं पदरानं तोंड पुसलं, तर पदराला फेस लागला, जरा गुलाबी.  नांदेडच्या त्या वर्गात पंखा खडखडत होता, प्रशिक्षक फळ्याजवळ उभा होता आणि दुसऱ्यांदा सांगत होता. सरांनी तेव्हा मान डोलावली होती, चांगला विद्यार्थी डोलावतो तशी.

त्यांनी अप्पांना फोन लावला. "अप्पा, जीप पाठवा. कस्तुरामावशीला नांदेडला न्यावं लागतं."

"काय झालं?"

"दम लागलाय. पाणी गेलंय छातीत."

पलीकडून अप्पा "मी येतो," म्हणाले. आले ते जीप न घेता, बुलेटवर. ओसरीत डोकावले आणि सरांना दंडाला धरून अंगणातल्या लिंबाखाली घेऊन गेले.

"सर, सरकारी दवाखान्यात नेलं की पोलिसाला कळवतात. नाव बंद पडंल, परवाना जाईल. आन् साहेबाचं नाव बी येईल त्यात."

"मग काय करायचं?"

"न्यायचंच हाय, मी कुठं नको म्हणतो? पण पाय घसरून पडल्या म्हणा. धुणं धुताना." अप्पांनी आवाज आणखी खाली आणला. "आन् तुम्हीच विचार करा. प्रात्यक्षिक होतं असं माईकवर कुणी सांगितलं? सगळ्या मोबाईलमध्ये हाय ते. उद्या कुणी विचारलं तर मी म्हणणार, सरांनी बसवलं होतं प्रात्यक्षिक. मला काय म्हायती?"

 वाईट हे होतं की अप्पा धमकी देत आहेत असं त्यांना वाटेना. अप्पा नुसता हिशेब मांडत होते, आणि तो जुळत होता. धुणं धुताना घसरल्या: वाक्य सोपं होतं. बोलायला काही जड नव्हतं. ते त्यांनी मनात एकदा म्हणूनही पाहिलं, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना त्यात अगदी शोभून दिसला. त्याची त्यांना शिसारी आली.

"आत्या!" आतून शिवकन्याची हाक आली. "आत्या, डोळे उघडा ना!"

सरांनी एकशे आठ लावला. घाईत बोट भलतीकडं लागलं, म्हणून मोबाईलचा आवाज स्पीकरवर गेला, तो त्यांना बंद करता येईना. अंगणात एव्हाना शेजारपाजार जमला होता.

"नमस्कार, काय त्रास आहे?" पलीकडून बाईचा आवाज.

"इथं एक मावशी हायत. साठीच्या. जरा भिजल्यात, दम लागलाय..."

"भिजल्यात म्हणजे? पावसात?"

"न्हाई. पाण्यात पडल्या."

"कुठल्या पाण्यात? कधी?"

अप्पांनी ओठांनी शब्द दाखवला: धुणं. सर त्यांच्याकडं बघत राहिले.

"सर, ऐकू येतंय का? काय झालं होतं नेमकं?"

"बुडाल्या होत्या," सर म्हणाले. आणि एकदा म्हटल्यावर त्यांचा तो भारदस्त आवाज, कंधार तालुक्यात विनामाईक शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, आपोआप लागला. "सकाळी तलावात नाव उलटली. त्या नावेखाली अडकल्या होत्या. पाणी ओकल्या. आम्ही दवाखान्यात नेलं न्हाई. आता तोंडातून फेस येऊन राहिलाय."

गल्ली ऐकत होती. "प्रात्यक्षिक नव्हतं व्हय मग?" कुणीतरी विचारलं. 

"त्यांना आडवं करू नका, बसवूनच ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. शुद्ध हरपली तर लगेच पुन्हा फोन करा. गाडी निघाली आहे," बाई म्हणाली, अगदी साध्या सुरात. सरांना अपेक्षा होती की ती काहीतरी बोलेल; रागावेल. तिनं पत्ता विचारला.

शिवकन्या काढ्याचा तांब्या उचलून आत गेली आणि बाहेर आली ती सरांकडं न बघता.

नांदेडच्या दवाखान्यात कस्तुराबाईच्या तोंडावर मास्क चढला. ड्युटीवर डॉ. बुद्धप्रिया म्हणून एक तरुण मॅडम होत्या. सर त्यांच्यापुढं उभे राहिले. गाडीत सगळी वाट त्यांनी कबुलीची तयारी केली होती.

"मॅडम, चूक माझी हाय. मी सूत्रसंचालन करत होतो. मीच सगळ्यांना उभं राहा म्हणालो, म्हणून नाव..."

"ते नंतर. पाण्याखाली किती वेळ होत्या?"

सर थांबले. "म्हणजे..."

"अंदाजे. अर्धा मिनिट? दोन मिनिटं? तुम्ही तिथंच होता ना?"

सर तिथंच होते. पण त्या वेळी ते कस्तुराबाईकडं बघत नव्हते. आता पुढं काय बोलायचं, याची ते जुळवाजुळव करत होते. हे मॅडमना कसं सांगायचं ते त्यांना कळेना. "म्हायती न्हाई," ते म्हणाले. शिवकन्यानं मागून सांगितलं, "मिनिटाच्या वर. माझ्या मोबाईलमध्ये हाय, बघा." मॅडमनी तिच्या मोबाईलमध्ये पाहिलं, आणि त्यातच टाळ्याही ऐकल्या. त्यांनी भुवया उंचावल्या, बोलल्या मात्र शिवकन्याशीच. "दुपारीच आणलं असतं तर इतकं वाढलं नसतं. आता बघू. रात्र निघाली पाहिजे."

रात्र निघाली. सर बाहेरच्या बाकावर होते. लुंबिनीचा फोन आला, तिनं "कशा हायत?" एवढंच विचारलं. अप्पांचा फोन आला नाही. सकाळी चहाच्या टपरीवर पेपर होता. आतल्या पानावर फोटो, केशरी जॅकेटातली रांग, आणि खाली 'जिवंत प्रात्यक्षिकानं वेधलं लक्ष'. सरांनी पेपर घडी करून परत ठेवला. मग पुन्हा उचलून, फोटो खाली जाईल असा ठेवला.

मॅडमनी भेटायला सोडलं तेव्हा कस्तुराबाई बसलेली होती. मास्क काढून नाकात नळी लावली होती. ओठांना रंग आला होता. शिवकन्या तिला चमच्यानं पाणी देत होती.

"मावशी," सर म्हणाले. "मला माफ करा. मी उभं राहा म्हणालो, म्हणून हे झालं. बाया तुम्हाला बोल लावून राहिल्यात, तुम्ही पहिल्या उठल्या म्हणून. मी गावात सगळ्यांना सांगणार हाय. चूक तुमची न्हाई, माझी हाय."

कस्तुराबाईनं चमचा बाजूला सारला.

"उभं राहायचं का," ती म्हणाली. हळू, पण अडखळत नव्हती. "ते तुम्ही न म्हणता बी राहिलो असतो, सर. साहेब आला की उठतो आम्ही. जन्म गेला त्यात. त्याचं काय तुम्ही एवढं लावून घेतलंय?"

सरांना क्षणभर हलकं वाटलं. ते हलकं वाटणं त्यांना पुरतं भोगूही मिळालं नाही.

"पण माझं जॅकेट का काढलं?"

सरांनी कॉटजवळचं स्टूल ओढलं आणि बसले.

"नीट बसलंय म्हणलं होतं मी. बाकीच्यांनी काढून दिलं, त्यांचं त्या जाणोत. मी म्हणलं, राहू द्या. तुम्ही खाली आलाव, वाकलाव आन् स्वतःच्या हातानं काढलं. आन् घातलं कुणाला? त्या ढेरीवाल्याला. तो काठावर, खुर्चीत." तिला धाप लागली. शिवकन्या म्हणाली, "आत्या, बोलू नका." तिनं हातानंच सुनेला गप्प केलं. "पाण्याखाली असताना मला तेवढंच आठवत होतं."

 कालपासून त्यांनी आपली चूक शंभर वेळा घोळवली होती. पण ती प्रत्येक वेळी माईकवरचीच होती. बोटांनी दाबलेलं ते बक्कल त्यात एकदाही आलं नव्हतं. आपल्या अपराधातही आपण आपलं भाषण तेवढं ठेवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना कुठं बघावं ते सुचेना.

तेवढ्यात हवालदार आले. दवाखान्यानं कळवलं होतं. वहीचा कोरा कागद काढत ते आधी सरांकडं वळले, कारण शर्ट इन केलेला तोच माणूस होता.

"सर, प्रात्यक्षिक होतं म्हणं? पेपरला आलंय."

"नव्हतं. अपघात होता. बारा बाया होत्या, दहाच्या नावेत. एकीच्याही अंगावर जॅकेट नव्हतं."

"जॅकेट आलेली नव्हती का?"

"आली होती. आम्ही काढून घेतली, पाहुण्यांच्या सत्काराला." सरांनी कॉटकडं हात केला. "या मावशींचं मी स्वतः काढलं. त्या नको म्हणत होत्या."

हवालदारांनी पेन थांबवून वर पाहिलं. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मग कॉटकडं वळले आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलले, "आजी, वाचलात, नशीब तुमचं. आता तुमची कुणाविरुद्ध काही तक्रार न्हाई ना? न्हाई म्हणून लिहितो. इथं अंगठा द्या."

"सही येती मला," कस्तुराबाई म्हणाली. "आन् न्हाई कशाला लिहिता? हाय की तक्रार."

हवालदारांनी सरांकडं पाहिलं. शिवकन्यानं सासूच्या पाठीमागची उशी वर सरकवली. सर उठून दाराकडं निघाले. आपण समोर नसलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

"कुठं निघालाव, सर?" कस्तुराबाई म्हणाली. "बसा. तुमच्यासमोरच सांगते."

सर पुन्हा स्टुलावर बसले. हवालदारांनी नवा कागद घेतला. कस्तुराबाईनं श्वास गोळा केला आणि सांगायला सुरुवात केली.

"लिहा. सकाळी माझ्या अंगात जॅकेट होतं."

"हं," हवालदार म्हणाले, आणि लिहू लागले.